अचूक नेम आणि भरंवशाची बंदूक

दसऱ्याच्या सुमारास शस्त्रपूजनाच्या नांवाखालीं आपल्या घरीं पाटावर जें मांडलें जातें, त्यांत खरें शस्त्र क्वचितच असतें. विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री, मुलांची कंपासपेटी आणि अलीकडे एखादा संगणक यांवर हळदकुंकू वाहून आपण समाधान मानतों. बंदूक ही वस्तु आपल्यापैकीं बहुतेकांनीं बँकेच्या दारावरील पहारेकऱ्याच्या खांद्यावरच पाहिलेली असते. त्यामुळें तिच्यासंबंधींचें आपलें ज्ञान वर्तमानपत्रांतील दुःखद बातम्यांपुरतें राहतें. आणि जें अपरिचित त्याविषयीं मनांत अवास्तव भीति तरी असते, नाहीं तर अवास्तव आकर्षण तरी. दोन्ही सारखींच घातक होत.

या विषयाची माहिती सुशिक्षित कुटुंबांस असावी असें वाटण्यास आज दोन कारणें आहेत. पहिलें कारण कोल्हापूर. २०१० सालीं म्युनिक येथें तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफलच्या, पडून नेम धरण्याच्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. २०१८ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांत राही सरनोबत यांनीं २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या तीन-आसनी प्रकारांत कांस्यपदक पटकाविलें. या तिघांचीं शस्त्रें वेगवेगळीं, पण त्यांत भरलेलें काडतूस एकच : ‘पॉइंट बावीस लाँग रायफल’. दुसरें कारण अमेरिका. आपल्या कित्येक वाचकांचीं मुलें, नातवंडें तेथें स्थायिक झालीं आहेत. शाळासोबत्यांबरोबर नेमबाजीच्या क्लबांत जाऊन आलेला नातू ‘मला रायफल हवी’ म्हणतो, तेव्हां जी त्याच्या डोळ्यांपुढें असते ती बहुधा ह्याच काडतुसाची, आपलें आपण पुढील काडतूस भरून घेणारी रायफल असते. तिला अर्धस्वयंचलित म्हणतात. प्रत्येक गोळीस चाप एकदां ओढावा लागतो, परंतु रिकामें काडतूस बाहेर टाकणें आणि नवें आंत घेणें हें काम यंत्र स्वतःच करतें.

अशी रायफल निवडतांना काय पाहावें, दुकानदाराच्या कोणत्या बोलण्यास महत्त्व द्यावें व कोणत्या नाहीं, आणि ती घरांत आणण्यापूर्वीं कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी, एवढ्याच प्रश्नांचा विचार आम्ही येथें करणार आहों. शिकार हा आमचा विषय नव्हे. कागदी लक्ष्यावरील नेमबाजी एवढाच आहे.

काडतुसाची घडण

रिमफायर म्हणजे कांठावर पेट घेणारें. या काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या तळाशीं बाहेर आलेला एक पोकळ कांठ असतो. कारखान्यांत स्फोटक मसाला ओला असतांना तो या कांठांत गोल फिरवून पसरवितात. चाप ओढला कीं बंदुकींतील पोलादी खिळा कांठावर आदळतो, कांठ चिरडतो, मसाला पेट घेतो, त्यानें दारू जळते व शिशाची गोळी नळींतून निघते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कारखान्यानें ‘पॉइंट बावीस शॉर्ट’ हें काडतूस १८५७ सालीं विक्रीस आणलें. आज सर्वत्र चालणारें ‘लाँग रायफल’ हें स्टीव्हन्स कंपनीनें १८८७ मध्यें काढलें. त्याची नेहमींची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम, आपल्या पाव तोळ्याहूनही थोडी कमी. आवाज बेताचा, खांद्यास धक्का नाममात्र आणि किंमत इतर काडतुसांच्या मानानें थोडी, या तीन गुणांमुळें नवशिक्याच्या हातीं प्रथम तेंच दिलें जातें.

पण त्याचे दोष त्याच्या घडणींतच आहेत. मसाला कांठांत सर्वत्र सारखाच पसरेल असें नाहीं. जेथें तो विरळ आहे तेथें खिळा पडला तर काडतूस उडतच नाहीं. बाहेर आलेला कांठ मॅगझिनमध्यें शेजारच्या काडतुसाच्या कांठांत अडकूं शकतो. गोळी मऊ शिशाची व बाहेरून मेण किंवा चरबी लावलेली असल्यामुळें यंत्राच्या आंत हळूहळू चिकट काळा मळ सांचतो. ज्यांत एक एक काडतूस हातानें भरावयाचें त्या बंदुकीस हे दोष फारसे जाणवत नाहींत. अर्धस्वयंचलित बंदुकीचा मात्र सारा संसार त्यांच्याशींच आहे.

एका काडतुसाचीं दोन कामें

ह्या जातीच्या बहुतेक रायफलींत बोल्टास, म्हणजे काडतुसाच्या पाठीशीं राहणाऱ्या पोलादी तुकड्यास, कुलूप नसतें. तो केवळ स्वतःच्या वजनानें व मागील स्प्रिंगच्या जोरानें जागेवर असतो. गोळी पुढें निघतांना तोच दाब रिकाम्या काडतुसास मागें ढकलतो. काडतूस बोल्टास ढकलतें. बोल्ट मागें जातांना रिकामें काडतूस बाहेर फेंकतो आणि स्प्रिंगनें परत येतांना मॅगझिनमधील वरचें काडतूस ओढून आंत बसवितो. म्हणजे काडतुसाला दोन कामें करावयाचीं असतात : पुढें गोळी लक्ष्यावर पोंचवावयाची आणि मागें यंत्र चालवावयाचें. दारू थोडी कमी जोराची निघाली तर बोल्ट पुरता मागें जात नाहीं, आणि रिकामें काडतूस अर्धवट बाहेर येऊन दारांत चिमटलें जातें.

या अडचणीची जाणीव पहिल्या कारागिरांस होती. विंचेस्टर कंपनीनें १९०३ सालीं आपली पहिली अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल काढली, तेव्हां बाजारांतील बावीस नंबरी काडतुसें कांहीं जुन्या काळ्या दारूचीं व कांहीं नव्या धूरविरहित दारूचीं होतीं. काळ्या दारूच्या राखेनें यंत्र थोड्याच वेळांत जाम झालें असतें. म्हणून कंपनीनें या रायफलीसाठीं धूरविरहित दारूचें स्वतंत्र काडतूस बनविलें, आणि तें मुद्दामच अशा मापाचें केलें कीं नेहमींचीं काडतुसें तींत बसूंच नयेत. काळी दारू मागें पडल्यावर १९३३ मध्यें तिच्याच वंशांतील ‘मॉडेल ६३’ नेहमींच्या लाँग रायफल काडतुसावर चालणारी निघाली. यंत्र चांगलें असूनही खाद्य वाईट तर यंत्र वाईट ठरतें, ही गोष्ट त्या काळापासूनची आहे.

अचूकपणा निराळा, भरंवसा निराळा

‘अचूक’ व ‘भरंवशाची’ हीं विशेषणें जाहिरातींत हातांत हात घालून येतात. परंतु ते दोन वेगळे गुण आहेत, आणि कारागिरास एकासाठीं दुसऱ्याचा थोडा बळी द्यावा लागतो. हें ज्यास उमगलें त्यास निवडीचें निम्में काम साधलें असें समजावें.

नळीच्या मागच्या टोंकास काडतूस बसण्याचा जो खळगा असतो त्यास चेंबर म्हणतात. चेंबर घट्ट मापाचें असलें तर गोळी नळीच्या मध्यरेषेंत नीट बसते व प्रत्येक वेळीं सारखीच निघते. तेजस्विनी सावंत व स्वप्नील कुसाळे यांच्या प्रकारांतील रायफली अशाच घडणीच्या असतात. त्यांत एक एक काडतूस हातानें ठेवावयाचें असल्यामुळें तें घट्ट बसलें तरी बिघडत नाहीं. पण तेंच घट्ट चेंबर अर्धस्वयंचलित रायफलीस दिलें, तर थोडा मळ सांचतांच बोल्टाला काडतूस आंत ढकलवत नाहीं. म्हणून कारखाने अशा रायफलींचें चेंबर सैल ठेवतात. सैलपणामुळें भरंवसा वाढतो, नेम थोडा पसरतो. दोहोंच्या मधील मापाचीं चेंबरेंही निघालीं आहेत. पण मधला मार्ग झाला तरी तो तडजोडीचाच. उलट राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तुलास पांच गोळ्यांची मालिका ठरलेल्या वेळांत झाडावी लागते. तेथें नेम सुंदर असून तिसरें काडतूस अडकलें तर त्या नेमाचा उपयोग काय ?

इतिहासांतील दोन विक्रमही या भेदाचेच द्योतक आहेत. १९०७ सालीं टेक्सस प्रांतांत सॅन अँटोनियो येथें अॅड टॉपरवाईन यानें विंचेस्टरच्या १९०३ च्या रायफलींनीं हवेंत उडविलेले सवादोन इंची लांकडी ठोकळे दहा दिवस टिपले. ७२,५०० पैकीं केवळ नऊ चुकले. (त्याची पत्नी विंचेस्टरच्याच कारखान्यांत कामास होती, लग्नानंतर बंदूक शिकून तीही नामांकित नेमबाज झाली.) पुढें १९५९ मध्यें टॉम फ्राय यानें रेमिंग्टनच्या ‘नायलॉन ६६’ या रायफलींनीं १,००,०१० ठोकळ्यांपैकीं सहा सोडून सारे फोडले. हे आंकडे वाचून कोणी म्हणेल, केवढी अचूक बंदूक ! पण जवळ उडालेला सवादोन इंचांचा ठोकळा फोडण्यास बंदुकीची फार बारीक अचूकता लागत नाहीं. लागते ती माणसाची नजर आणि लाख वेळां न रुसणारें यंत्र. ह्या विक्रमांनीं सिद्ध झाला तो भरंवसा. पन्नास यार्डांवर एका रुपयाच्या नाण्यांत पांच गोळ्या बसतील कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर त्यांत नाहीं.

परिचित नमुने

अमेरिकेंत या वर्गांत सर्वांत अधिक नांव घेतलें जातें तें रूगर कंपनीच्या ‘टेन-ट्वेंटीटू’चें. ती १९६४ सालीं निघाली. तिची खरी खुबी तिच्या दहा काडतुसांच्या मॅगझिनमध्यें आहे. आंतील फिरत्या चक्राच्या खांचांत प्रत्येक काडतूस वेगळें राहत असल्यामुळें एकाचा कांठ दुसऱ्यांत अडकत नाहीं. नळी दोन स्क्रूंनीं बसविलेली असल्यानें घरींच बदलतां येते, आणि तिच्यासाठीं इतर कारखान्यांनीं काढलेले सुटे भाग इतके आहेत कीं हौशी माणूस मूळच्या रायफलीचा एकही तुकडा न ठेवतां तीच रायफल पुन्हा बांधूं शकतो. तिचे दोष म्हणजे कारखान्यांतून येतांना चाप बराच जड असतो, आणि नळी न काढतां ती मागच्या बाजूनें साफ करतां येत नाहीं.

मार्लिनची ‘मॉडेल ६०’ १९६० पासून २०२० पर्यंत बनत होती. त्या वर्षीं मालक रेमिंग्टन कंपनीचें दिवाळें निघून तिचें उत्पादन थांबलें व मार्लिनचें नांव रूगरनें विकत घेतलें; परंतु जुन्या बाजारांत ती विपुल मिळते. तिच्या नळींत सोळा बारीक चर असतात, आणि मूळ स्थितींत ती पुष्कळदां टेन-ट्वेंटीटूपेक्षां नेम चांगला राखते, असा तिचा लौकिक आहे. मात्र तिचें मॅगझिन नळीखालील लांब पोकळ दांड्यांत असतें. तें भरतांना हात बंदुकीच्या तोंडाजवळ जातो, आणि दांडा पूर्ण रिकामा झाला कीं नाहीं हें चटकन दिसत नाहीं. मुलास शिकवावयाचें असेल तर हा दोष लहान समजूं नये.

जॉन ब्राउनिंग या थोर कारागिरानें आंखलेली व १९१४ पासून बेल्जमांत बनूं लागलेली ‘एसए-ट्वेंटीटू’ ही देखणी, हलकी आणि मधून दोन तुकडे होणारी रायफल आहे. रिकामीं काडतुसें ती खालीं टाकते, त्यामुळें डावखुऱ्याच्या तोंडावरून तीं उडत नाहींत. परंतु ती प्रवासास व हौसेस अधिक योग्य. बारीक नेमाच्या स्पर्धेस नव्हे. याशिवाय आयोवांतील व्होल्कार्टसन, टेक्ससमधील किड यांसारखे कारखाने टेन-ट्वेंटीटूच्याच धर्तीवर उत्तम नळी, नेटकें चेंबर व हलका चाप घालून महाग रायफली बनवितात. त्यांत नेम आणि भरंवसा हीं दोन टोकें पुष्कळ जवळ येतात; पण किंमत कित्येक पट होते, आणि उंची काडतुसांवांचून ती किंमत वसूल होत नाहीं.

काडतुसाची निवड हीच अर्धी निवड

बंदुकीवर पैसा खर्चून काडतुसांत काटकसर करणें म्हणजे उत्तम तंबोरा घेऊन त्यास गंजक्या तारा लावणें होय. हवेंत ध्वनीची गति दर सेकंदास सुमारें ११२५ फूट. जलद काडतुसाची गोळी हिच्याहून अधिक वेगानें निघते, आणि वाटेंत मंदावून ध्वनीच्या वेगाखालीं येतांना तिचा तोल किंचित् बिघडतो. शिवाय अशी जलद गोळी आडव्या वाऱ्यानें मंद गोळीपेक्षां अधिक बाजूस जाते. सामान्य समजुतीच्या हें अगदीं उलट आहे. म्हणून बारीक नेमासाठीं ध्वनीहून थोड्या मंद गोळ्या वापरतात. उदाहरणार्थ सीसीआय कंपनीचें ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतूस १०७० फुटांचें, तर त्याच कंपनीचें ‘मिनी-मॅग’ १२३५ फुटांचें आहे. पण कांहीं रायफलींचा बोल्ट मंद काडतुसानें पुरता मागें जात नाहीं. त्या जलद काडतुसावरच सुरळीत चालतात. पुन्हा तोच झगडा : नेमास जें रुचतें तें यंत्रास रुचेलच असें नाहीं. एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं निघालेल्या दोन रायफलींची आवडही वेगळी निघते. दोघांना मान्य होणारें काडतूस शोधणें हेंच नव्या मालकाचें पहिलें कर्तव्य.

परीक्षा कशी घ्यावी

शितावरून भाताची परीक्षा होते, परंतु एका गोळीवरून बंदुकीची होत नाहीं. तीन गोळ्यांवरूनही नाहीं. दुकानदार खिशांतून कागद काढून तीन छिद्रें एकमेकांस चिकटलेलीं दाखवितो. त्यास आम्ही खोटा म्हणत नाहीं; त्या दिवशींचे इतर दहा कागद त्यानें दाखविले नाहींत इतकेंच. गोळ्यांची संख्या वाढेल तसा त्यांचा पसारा वाढतच जातो, हा गणिताचा नियम आहे. यास्तव तुलना करावयाची ती सारख्याच संख्येच्या पुंजक्यांच्या सरासरीची.

रीत अशी. पन्नास यार्डांवर कागद लावावा. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून रायफल त्यांवर टेंकवावी, म्हणजे माणसाचा कंप मोजण्यांत येत नाहीं. चार जातींचीं काडतुसें घ्यावीं. प्रत्येक जातीच्या आरंभीं दहा गोळ्या सोडून द्याव्या, कारण नळीस नव्या मेणाची संवय होण्यास तेवढा अवकाश लागतो. नंतर पांच पांच गोळ्यांचे पांच पुंजके काढून प्रत्येकांतील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांचें अंतर मोजावें आणि पांचांची सरासरी घ्यावी. कारखान्याची साधी अर्धस्वयंचलित रायफल योग्य काडतुसावर एक इंचाच्या आसपास राहिली तर ती समाधानकारक समजावी; अर्ध्या इंचाच्या जवळ गेली तर उत्तम.

यानंतर भरंवशाची परीक्षा. निवडलेल्या जातीचीं दोनशें काडतुसें मध्यें साफसफाई न करतां झाडावीं. प्रत्येक मॅगझिनवर रंगानें आंकडा घालावा आणि काडतूस अडकलें कीं कोणत्या मॅगझिनमध्यें व कसें अडकलें तें वहींत टिपावें. सर्व तक्रारी एकाच मॅगझिनच्या निघाल्या तर बंदूक निर्दोष, मॅगझिन बदलावें. त्या सर्व मॅगझिनांत पसरलेल्या असतील तर काडतूस किंवा यंत्र यांपैकीं एक दोषी. खिळा कांठावर स्पष्ट उमटूनही काडतूस उडालें नाहीं तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावें, मग तें काढावें. आवाज नेहमींपेक्षां दबका आला तर पुढील गोळी कदापि झाडूं नये. गोळी नळींतच अडकली असण्याचा संभव असतो, आणि आपोआप भरणाऱ्या बंदुकींत दुसरी गोळी तिच्या पाठीमागें तयारच असते. बंदूक रिकामी करून नळी आरपार पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

जुनी रायफल घेतांना नळीच्या तोंडाची कड भिंगानें पाहावी. पुढून सळई घालून घासणाऱ्या अतिउत्साही मालकांनीं जितक्या बावीस नंबरी नळ्या बिघडविल्या आहेत, तितक्या गोळ्यांनीं झिजविलेल्या नाहींत. मऊ शिशाच्या गोळीनें नळी फारशी झिजत नाहीं. साफ ठेवावयाचें तें मुख्यतः यंत्र.

कोणास कोणती

ज्यास केवळ कमींत कमी छिद्रांत अधिकांत अधिक गोळ्या बसवावयाच्या आहेत, त्यानें अर्धस्वयंचलिताच्या मागें लागूं नये. त्याच किंमतींत हातानें बोल्ट ओढण्याची रायफल अधिक अचूक मिळते. मात्र नेमबाजीचें सर्वांगीण शिक्षण घ्यावयाचें असेल तर अर्धस्वयंचलित रायफलीस अर्थ आहे. अमेरिकेंत २००६ पासून चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट अॅपलसीड’च्या दोन दिवसांच्या वर्गांत २५ मीटरवर लहान केलेलीं लक्ष्यें लावून पडून, बसून व उभें राहून नेम धरणें आणि पट्ट्याचा उपयोग शिकवितात, तेथें सुट्या मॅगझिनची बावीस नंबरी अर्धस्वयंचलित रायफल फार सोयीची पडते. ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ या संस्थेच्या २००२ पासूनच्या ‘रिमफायर स्पोर्टर’ स्पर्धेंत रायफल साडेसात पौंडांहून जड नसावी व चाप तीन पौंडांहून हलका नसावा असा दंडक आहे; म्हणून साधी रायफलही तेथें मानानें उभी राहते. अशा विद्यार्थ्यास आमची शिफारस : नेहमींच्या चांगल्या कारखान्याची, सुट्या मॅगझिनची, साध्या मापाची रायफल, उरलेल्या पैशांत चांगली नेमदर्शक दुर्बीण, पट्टा, चार मॅगझिनें आणि भरपूर काडतुसें.

घरांत आणण्यापूर्वीं

आतां जें सांगावयाचें तें नेमाहून महत्त्वाचें आहे. अमेरिकेंत बंदूक सहज मिळते, या समजुतीनें आपल्या लोकांचा घात होऊं शकतो. तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणें एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरील मनुष्यास बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे. राज्याचा शिकारीचा वैध परवाना असणें यासारखे थोडेच अपवाद आहेत. हा निर्बंध विकत घेण्यापुरताच नाहीं. क्लबांत भाड्यानें घेतलेली रायफल हातीं धरणें हाही ताबा होऊं शकतो. गुन्हा गंभीर असून त्याचा परिणाम तेथील पुढील सर्व वास्तव्यावर होतो. ग्रीन कार्ड असलेल्यास व नागरिकास ही आडकाठी नाहीं. पण एका घरांत मुलगा जन्मानें नागरिक आणि आईबाप तात्पुरत्या व्हिसावर, अशी आपल्याकडील नेहमींची स्थिति असते. तेथें घरांतील बंदूक कोणाच्या ताब्यांत मानली जाईल, हें वकिलास विचारल्याशिवाय पाऊल टाकूं नये. अधिकृत विक्रेता अठरा वर्षांखालील मुलास रायफल विकत नाहीं. आणि मॅगझिनांत किती काडतुसें असावीं, बंदूक कुलुपांत कशी ठेवावी, याविषयीं राज्याराज्यांचे नियम भिन्न आहेत. हिंदुस्थानांत तर १९५९ च्या शस्त्र-कायद्यान्वयें परवान्यावांचून अशी रायफल ठेवतांच येत नाहीं.

कायदा अनुकूल असला तरी घराचे नियम घरानेंच करावयाचे असतात. रायफल रिकामी करून पोलादी कपाटांत, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत, आणि किल्ल्या मोठ्यांच्या अंगावर. बावीस नंबरी काडतूस लहान म्हणून तें खेळणें नव्हे. त्याची गोळी मैलभर जाऊं शकते व जवळून प्राणही घेऊं शकते. घरांत कोणाचें मन खिन्न असेल, कोणी निराशेच्या फेऱ्यांत असेल, तर त्या काळांत बंदूक घराबाहेर ठेवावी. यांत लाज कसली? नेमबाजीहून परत आल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून कोणीं अन्नास शिवूं नये, व ते कपडे वेगळे धुवावे. शिशाची धूळ लहान मुलांस फार बाधते. कानांस व डोळ्यांस आवरण हें लहानथोर सर्वांस, प्रत्येक वेळीं.

ज्या घराला कायद्याचा अडसर आहे, किंवा जें घर या सर्व जबाबदाऱ्या घेण्यास तयार नाहीं, त्यानें हळहळूं नये. हवेच्या दाबावर चालणारी रायफल अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानें बंदुकींत धरली जात नाहीं; राज्याचा नियम मात्र पाहून घ्यावा. दहा मीटर एअर रायफल हा स्वतंत्र ऑलिंपिक प्रकार आहे, आणि २००८ सालीं बीजिंग येथें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें तें त्यांतच. श्वास आवरणें, चाप न हिसकतां दाबणें, आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर नजर न हलविणें, हे नेमाचे तिन्ही धडे तिच्यावर तितकेच चांगले शिकतां येतात. ते ज्याच्या अंगीं मुरले त्यानें मग बावीस नंबरी रायफल निवडावी. त्याला दुकानदारास फार प्रश्न विचारावे लागणार नाहींत.